आपाने सुचवलेले विषय

डॉक्टरीणबाईंनी मला बाळंतपणापर्यंत पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं, तेव्हा बिश्केकवर कोळशाचा धूर उतरायला लागला होता आणि आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे फक्त दिवे दिसायचे. याआधी दोनदा माझं मूल पोटातच गेलं होतं. त्यामुळे या वेळी घरातलं कोणी माझं ऐकून घ्यायला तयार नव्हतं. सासूबाईंनी बाजारातून लोकरीचे मोजे आणले, जूमार्तने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पलंग रेडिएटरजवळ ओढला, आणि भूगोलाच्या तासाला एका जागी कधीही उभी न राहणारी मी उशीला टेकून छताकडे बघत बसले. वर्गातली मुलं माझ्यामागे मला भोवरा म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्या भोवऱ्याला आता कोणी तरी कपाटात ठेवून दिलं होतं.

ब्लॉगची कल्पना माझी नणंद अक्सामाय हिची. ती विद्यापीठात शिकते, आमच्याकडेच राहते, आणि दिवसभर मी पलंगावरून सोडत असलेले हुकूम ऐकून तिचे कान किटले होते. पडद्यांना भूगोल शिकवण्यापेक्षा लोकांना शिकव, म्हणजे आम्हांला जरा शांतता मिळेल, असं म्हणून तिने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि अर्ध्या तासात सगळं उभं करून दिलं. वर निळ्या पट्टीत माझं नाव, सैकल, आणि खाली पांढरं, रिकामं पान. आता लिही, असं सांगून ती निघून गेली.

काय लिहायचं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. अक्सामायचं म्हणणं, गरोदरपणावर लिही, बायका असलं सगळं वाचतात. मी दोन ओळी लिहिल्या आणि मला माझीच भीती वाटली; जे अजून हातात आलेलं नाही त्याच्याबद्दल चारचौघांत बोलायचं कसं? सासूबाईंना पदार्थांवर लिहिलेलं चाललं असतं, पण पदार्थ त्यांचेच हवेत आणि नावही त्यांचंच. जूमार्तचं चष्म्यांचं दुकान आहे; तो म्हणाला, काच शर्टाच्या टोकाने पुसू नये एवढं एक लिहिलंस तरी देशाचं भलं होईल. मी धुरावर लिहिलं, पुसलं. नद्यांवर लिहिलं, ते पाठ्यपुस्तकासारखं झालं, तेही पुसलं. कूस बदलायची, चार शब्द लिहायचे, खोडायचे, पुन्हा कूस बदलायची. बाळसुद्धा माझ्याबरोबर आतल्या आत कूस बदलायचं आणि मला हसू यायचं.

खरं म्हणजे मला लिहायचं होतं कुबातबद्दल. कुबात माझा धाकटा भाऊ. आपा, म्हणजे आमची आई, उन्हाळाभर वरच्या कुरणात घोड्या दोहायला जायची तेव्हा तो माझ्या पाठीवरच वाढला. आता तो रशियात मालट्रक चालवतो, सैबेरियातल्या बर्फाच्या रस्त्यांवरून. जूमार्त त्याच सुमारास नवीन फ्रेमा आणायला म्हणून बाहेरगावी गेला होता. तो परत आला त्या संध्याकाळी मी कुबातवरची सुरुवात चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवली. कुबात लहानपणी माझ्या वेणीला लगाम समजून ओढायचा, असं काहीसं होतं. मला वाटलं होतं हसतील. सासूबाईंनी चहाचा वाडगा खाली ठेवला आणि त्या उठून आत गेल्या. अक्सामाय ब्रेडचे तुकडे करत राहिली, ते कोणी खाणार नव्हतं तरी.

"घरच्यांवर नको लिहूस सध्या," जूमार्त म्हणाला. "दुसरं काही तरी लिही ना. तुझे ते वारे वगैरे."

का, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, उगाच, आणि रिकामीच परत आलेल्या आपल्या पिशवीची चेन उघडझाप करत बसला.

आमच्याकडे मरणाची बातमी फोनवरून देत नाहीत. दूर राहणाऱ्या माणसाचं जवळचं कोणी गेलं की ते त्याला सोडून सगळ्यांना कळतं. नातलग, शेजारी, किराणावाला, सगळे त्याच्याशी नेहमीसारखे, किंबहुना जरा जास्तच गोड वागतात. मग एक दिवस कुळातली वडीलधारी माणसं जमून त्याच्या दारात येतात, त्याला मधे बसवतात आणि आडवळणाने, हळूहळू ती गोष्ट त्याच्या कानांवर घालतात. त्यांनी ऐकवेपर्यंत गेलेला माणूस त्याच्यापुरता गेलेला नसतो. आजारी माणसाला आणि पोटुशी बाईला तर महिनोन्‌महिने ऐकवत नाहीत. लहानपणी मी स्वतः अशा एका बाईच्या घरी जाऊन, तोंड मिटून तिच्या हातचे बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, खाल्ले आहेत. तेव्हा मला ती गंमत वाटली होती. सासूबाई उठून गेल्या त्या क्षणी मला कळलं, आता बोरसोक देणारी बाई मी होते.

मी कुबातला फोन लावला. वाजत राहिला. मग लेखी निरोप आला: रस्त्यावर आहे ताई, नंतर बोलतो. कुबातने जन्मात कधी लेखी निरोप पाठवला नव्हता. तो आवाज भरून पाठवायचा, मागे इंजिन आणि शिव्या. आपाला फोन लावायला घेतला तर जूमार्त म्हणाला, नारीनच्या पलीकडे, तुमच्या गावाकडे बर्फ फार झालाय, फोनचा मनोरा पडलाय, कोणालाच लागत नाही. त्याने हे फार पटकन सांगितलं. मी समजले. आपाला खोटं बोलता येत नाही, हे तिच्या जावयालाही ठाऊक होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी आपाचा फोन आला.

सासूबाई खाली शेजारणीकडे गेल्या होत्या, बाकी दोघं बाहेर. मला इतका आनंद झाला की आधी जूमार्तच्या मनोऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. आपा फोनवर नेहमी ओरडून बोलायची. गाव लांब आहे म्हणजे आवाजही तेवढा लागणार, असा तिचा हिशेब. त्या दिवशी ती हळू बोलत होती, अगदी उशीशेजारी बसल्यासारखी, आणि मागे कोंबड्या नव्हत्या, वारा नव्हता, दाराची कडी नव्हती. तब्येत कशी आहे, असंही तिने विचारलं नाही.

"काय लिहायचं ते ठरलं का गं?" तिने विचारलं.

ब्लॉगचं तिला अक्सामायने सांगितलं असणार, असं मी धरून चालले. ठरत नाहीये, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, मी सांगते, तू ऐक. आणि तिने मला नमद्याचं, दाबलेल्या लोकरीच्या जाजमाचं सांगितलं. पांढरी आणि काळी अशी दोन वस्त्रं एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापायची, म्हणजे यातलं कापलेलं त्यात बसतं आणि त्यातलं यात, काहीच वाया जात नाही; माझ्या लग्नातल्या नमद्याचा जोड तिच्याकडे अंथरलेला आहे, हे मी विसरलेच होते. बोलणं संपल्यावर मला कितीतरी दिवसांनी शांत वाटलं. कुबातबद्दल विचारायचं राहिलं, हे नंतर लक्षात आलं.

मग ती रोजच फोन करायला लागली, नेहमी मी एकटी असतानाच. मी घरात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तोही रस्ता बंद केला असता, आणि माझ्या भावाचं काय झालं हे ज्या एका माणसाकडून निसटण्याची आशा होती, ते माणूस मला गमवायचं नव्हतं. ती रोज एक विषय सुचवायची. पहिलं पाऊल टाकायच्या आधी माझ्या पायांना रीतीप्रमाणे बांधलेला दोरा कोणी कापला. बाबांना वीज कडाडली की शिंक यायची ते. तिचं स्वतःचं लग्न, ज्यात ती वाटभर रुसून पाठमोरी घोड्यावर बसली होती. मी सगळं टिपून घ्यायचे आणि तरी त्यातलं कोणतं लिहायचं ते ठरायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याहून चांगलं काही तरी यायचं.

"तुझ्यावरच लिहू का?" मी एकदा विचारलं.

"माझं शेवटी," ती म्हणाली. "आधी बाकीचं संपव."

कुबातबद्दल विचारलं की ती विषय बदलायची. घरी पाहुणे फार आहेत, एवढंच सांगायची; जाणारे जातात, नवे येतात, मला म्हणून कोणी हात हलवू देत नाही, गुडघेही दुखायचे थांबलेत. बिनसणाच्या दिवसांत आमच्या अंगणात पाहुणे कशासाठी येतील, हे मला कळत होतं. मी रडायचे आणि ती ऐकत राहायची. रडू नको, असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि मला वाटायचं, तीच तर माझ्यापेक्षा जास्त भोगतेय.

अखेर मी पहिला मजकूर लिहिला तो घोडीचा. आपाने सांगितलं होतं की आमची तांबूस घोडी अवेळी, ऐन थंडीत व्याली. शिंगराचा पुढचा एक पाय गुडघ्यापर्यंत पांढरा आहे, आणि ते उभं राहिल्यावर आईकडे न जाता सरळ कुंपणाकडे चालत गेलं. हे मी जसंच्या तसं लिहिलं. खाली लिहिलं, 'आपाने काल सांगितलं,' आणि ब्लॉगवर टाकलं. गावातले सगळे हल्ली फोनवर असतात. संध्याकाळपर्यंत वाचणाऱ्यांची संख्या वाढत गेली, पण प्रतिक्रिया एकाचीही नाही. साधं शाबास म्हणायलाही कोणाचा हात धजला नाही.

दुसऱ्या दिवशी जूमार्त भर दुपारी दुकान बंद करून घरी आला. कोट न काढता तो पलंगाच्या कडेला बसला.

"घोडीचं तुला कोणी सांगितलं?"

"आपाने."

"कधी?"

"काल. लिहिलंय की त्यात."

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. मग त्याने, तो मजकूर काढून टाक, अशी विनवणी केली. कुबातचं काय झालं ते सांग, मग काढते, असं मी म्हटलं. तो उठला आणि गॅलरीत जाऊन कोणाला तरी फोन करत राहिला. काचेपलीकडून मला त्याचा एक शब्दही ऐकू येत नव्हता, पण तो मधूनमधून माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता. भीती होती. त्याला माझी भीती वाटत होती.

त्यानंतर मला एकटीला सोडायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. तरी आपाचा फोन यायचा राहिला नाही. कोणी दार उघडायला गेलं, कोणी न्हाणीघरात गेलं, की तेवढ्यात यायचा. तिच्या गोष्टी आता वेगळ्या झाल्या होत्या. माझ्या जन्माआधीच्या, मग तिच्या जन्माआधीच्या, मग अशा माणसांच्या, ज्यांची नावं मी फक्त सात पिढ्यांच्या यादीत पाठ केली होती. ती त्यांच्याबद्दल असं बोलायची की जणू सगळे शेजारच्या खोलीत चहा पीत बसलेत. मला जेवण जाईनासं झालं. झोप लागली तरी कानात तिचंच बोलणं चालू असायचं. अक्सामायने एकदा माझ्या पोटावर हात ठेवून विचारलं, "वहिनी, आज बाळ हललं का?" मी बराच वेळ विचार केला. मला आठवेना. आज हललं होतं का, काल हललं होतं का, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याची आठवण मला शेवटची कधी आली होती, हेही आठवेना. मी घाबरले, खरंच घाबरले. पण ती भीतीसुद्धा लांबून आल्यासारखी होती आणि फोन वाजला की विरून जायची.

"फोनवर किती सांगू तुला," आपा म्हणाली. "इकडेच ये ना. डोळ्यांनी बघशील, मग लिहिशील."

मला उठायला मनाई आहे, असं मी म्हटलं.

"कुबात तुझ्याकडे निघालाय," ती म्हणाली. "तू त्याच्या आधी नीघ."

निघालाय म्हणजे कसा, कोणत्या अवस्थेत, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी एवढंच समजले की माझ्या भावाला घरी आणताहेत आणि मला तिथं पोचायला हवं. सकाळी सासूबाई गच्चीत गालिचा झटकायला गेल्या आणि अक्सामाय आंघोळीला. मी उठले. किती तरी आठवड्यांनी पायांवर उभी राहिले तर जमीन मऊ लागली. कोट चढवला, तो पोटावर लागेना. बूट घातले, नाड्यांपर्यंत हात पोचेना म्हणून तशाच सोडल्या. नारीनच्या गाड्या कुठून सुटतात ते मला ठाऊक होतं. ओटीपोटात कळ येत होती, मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दार उघडलं.

दारात माणसं उभी होती. सर्वांत पुढे आमचे थोरले काका, डोक्यावर लांडग्याच्या कातड्याची टोपी, एवढे जिने चढून धापा टाकत. त्यांच्यामागे दोन आत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. जूमार्त. आणि जूमार्तच्या खांद्याआडून बघणारा, दाढी वाढलेला, डोळे सुजलेला, धडधाकट कुबात.

मी हसले. मोठ्याने हसले, त्या जिन्यात माझं हसू वरपासून खालपर्यंत घुमलं. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, त्याचे कान ओढले, मेल्या, फोन का उचलत नव्हतास, म्हणून त्याला एक थप्पड मारली. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. त्याने माझा हात धरला, तो सोडलाच नाही. बाकी कोणी हसत नव्हतं.

त्यांनी मला आत नेलं, बूट काढले, भिंतीशी रजयांची घडी करून बसवलं आणि माझ्या तीन बाजूंना तीन माणसं बसली. तेव्हा माझं हसू थांबलं. हे बसणं मला ओळखीचं होतं. थोरले काका गुडघ्यांवर हात ठेवून बोलायला लागले, आधी ऋतूबद्दल, मग घाटातल्या बर्फाबद्दल, मग झाडाबद्दल, की किती जुनं झाड असलं तरी मूळ एक दिवस मातीला सोडतं. कुबातच्या हाताला घाम आला होता. मी त्या खोलीतली माणसं एकेक करून पाहत होते, कोण नाही ते शोधत होते.

"सैकल, बाळा," काका म्हणाले, "पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात तुझी आपा गेली. झोपेत गेली. आम्ही तिला नीट पोचवली. जूमार्त आला होता, त्याने खांदा दिला. तुझ्या पोटातल्या जिवासाठी तुला कळवलं नाही. आणखी थांबलो असतो. पण तू घोडीचं लिहिलंस."

कुबात खाली मान घालून म्हणाला की घोडी व्याली ती आपाला पुरून आल्यानंतर, आणि घोडीपाशी तेव्हा तो एकटाच होता. त्याने ते कोणालाही सांगितलं नव्हतं, शिंगराला कोणी बघायला आलं नव्हतं. आपाचा फोन तिच्या पेटीत आहे, तिच्या कपड्यांखाली, बंद.

आत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ऐकवून झालं की मुलीने विलाप सुरू करायचा असतो. आईचं सगळं आयुष्य, जन्मापासून मातीपर्यंत, तिने आपल्या शब्दांत गायचं असतं, आणि ते गाऊन झालं की गेलेल्याची वाट मोकळी होते. सगळा मजकूर माझ्याकडे होता. दोरा, वीज, शिंक, पाठमोरा घोडा, सगळं. मी पहिला शब्द ओठांवर आणला आणि ओठ मिटून घेतले. गायलं तर संपलं असतं.

माझ्या कोटाच्या खिशात फोन वाजला. सगळ्यांनी ऐकला. तो उचलू नको, असं कोणी म्हणालं नाही. थोरल्या काकांनी फक्त डोळे खाली घातले, आणि धाकटी आत्या बसल्या जागी थोडी मागे सरकली. मी तो कानाला लावला.

"ठरलं का गं?" आपाने विचारलं. "निघालीस ना?"

"नाही आपा," मी म्हणाले. "अजून काही ठरत नाहीये. तू आणखी सांग."

ती सांगायला लागली, तशी माझ्या पाठीतून कळ उठून पुढे आली आणि गच्चीतून येऊन दाराशी बसलेल्या सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. कुबातने माझ्या हातातून फोन घेतला. मी घट्ट धरला होता, त्याने बोटं एकेक करून सोडवली. त्याने तो कानाला लावला आणि तो बराच वेळ ऐकत राहिला, लहानपणी तिची बोलणी खाताना ऐकायचा तसा, मान हलवत, मधेच हुं म्हणत. मग तो माझ्याकडे न बघता, अगदी हळू, समजूत घातल्यासारखा बोलला.

"आपा, मला ने हवं तर. हिला सोड."